सायीच्या रंगाची फियाट

पांढुर्णा
७ ऑक्टोबर २०२४

जयवंताबाईंना पुंडलिक पेंटरचा नमस्कार.

तुमची फियाट परवा सुखरूप पोचली. तुमचा पुतण्या चेतन ट्रॅक्टरला टोचन लावून ती ओढत घेऊन आला आणि दुकानासमोर थांबल्या थांबल्या मला म्हणाला, "काका, मारून द्या ना कोणताही पांढरा. काकूले काय समजते?" मी म्हटलं, "बाबू, तुही काकू मास्तरीण होती. तिले तुह्यापेक्षा जास्त समजते." हे तुम्हाला मुद्दाम कळवतो आहे.

त्याच चेतनने पंधरा वर्षांपूर्वी फाटकाचा उरलेला लाल ऑइलपेंट ब्रशने या गाडीला फासला होता, हे त्याने स्वतःच कबूल केलं. दोन दिवसांपासून घासतो आहे. रंगाबरोबर ब्रशचे केसही निघतात. खाली कंपनीचा मूळ रंग लागला, पण टपावर तो उन्हाने करपला आहे आणि दारांवर उडाला आहे. बोटभर जागाही शाबूत नाही. तरी काळजी करू नका. तुमच्या यजमानांनी शहाऐंशी साली इथल्या संत्र्याच्या व्यापाऱ्याकडून ही गाडी घेतली, तेव्हा ती धुऊन-पुसून द्यायला मीच होतो. तो रंग माझ्या डोळ्यांत बसलेला आहे.

तुम्ही म्हणाल, फोटो का पाठवत नाही. मोबाईलवर रंग खरा दिसत नाही, बाई. सुनेच्या फोनमध्ये एक दिसतो, पोराच्या फोनमध्ये दुसरा. म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याच्या पट्टीवर रंग मारला आहे आणि चिठ्ठीसोबत सौंसरच्या बसवाल्याकडे देतो आहे. पट्टी दिवसा सावलीत पाहा, ट्यूबलाईटखाली पाहू नका.

एक मनातलं सांगतो. हल्ली लोक रंग जुळवायला नागपूरला कॉम्प्युटरकडे पळतात. दीड वर्ष झालं, पूर्ण गाडीचं काम माझ्याकडे आलं नाही. माझा मुलगा रोशन म्हणतो, दुकान मोबाईलवाल्याला भाड्याने देऊन टाका. मी त्याला सांगितलं, ही एक फियाट होऊ दे. हिचा रंग हुबेहूब जमला तर शटर माझं, नाही जमला तर किल्ली मी स्वतःच तुझ्या हातात देतो. तेव्हा पाहून नीट लिहा.

आपला,
पुंडलिक खोडे


सौंसर
१३ ऑक्टोबर २०२४

पुंडलिकराव, सप्रेम जय भीम.

पट्टी मिळाली. हात सफाईचा आहे, रंग कसा गुळगुळीत बसला आहे. पण हा आमच्या गाडीचा रंग नव्हे. आमची गाडी सायीच्या रंगाची होती. तुम्ही पाठवलं ते दूध आहे, आणि तेही पाणी घातलेलं.

हे मी आठवणीवर म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा आहे. गाडीत डाव्या बाजूला समोर जो छोटा कप्पा असतो, त्याचं झाकण तिगावजवळच्या एका खड्ड्यात निखळलं होतं. पंचवीस वर्षं झाली, ते माझ्या कपाटात साडीत गुंडाळून ठेवलेलं आहे. त्याला ऊन लागलेलं नाही आणि चेतनही लागलेला नाही. त्याच्याशेजारी तुमची पट्टी ठेवली आणि फरक डोळ्यांत भरला.

आता तुम्ही म्हणाल, झाकण पाठवा. नाही पाठवणार. कारण सांगते, हसू नका. गाडी घेतली तेव्हा मला चालवता येत नव्हती. आमचे हे, म्हणजे विजय, रोज संध्याकाळी मैदानावर शिकवायचे. मी क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. मैदानावरची पोरं टाळ्या पिटायची. एक दिवस यांनी कप्पा उघडला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहिलं, "क्लच हळू सोड." मला म्हणाले, "मी बाजूला नसलो तरी हे वाचत जाय." विजय जाऊन सोळा वर्षं झाली. घरात त्यांच्या सह्या आहेत, पण मला लिहिलेले शब्द एवढेच. तुमच्याकडे थिनरचं फडकं सगळ्या दुकानात फिरत असणार. एकदा पुसलं गेलं की गेलं.

गाडी मला सव्वीस जानेवारीला हवी आहे. लोधीखेड्याच्या शाळेने जुन्या शिक्षकांना बोलावलं आहे. अकरा वर्षं मी याच गाडीने तिथे जात होते आणि मागच्या सीटवर वाटेतल्या गावांच्या चार मुली असायच्या. गाडी नसती तर त्यांची शाळा सातवीतच सुटली असती. त्या चौघीही येणार आहेत. त्यांनी लांबून पाहून ओळखायला हवी.

मी स्वतः आले असते, पण मागच्या महिन्यात उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धूळ आणि धक्के बंद आहेत. काल दीक्षाभूमीलासुद्धा जाऊ दिलं नाही. तेव्हा दुसरी पट्टी पाठवा.

जयवंता सोमकुवर


पांढुर्णा
२१ ऑक्टोबर २०२४

बाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण मला राग आला होता. चाळीस वर्षांत माझ्या रंगाला पाणी घातलेलं दूध कोणी म्हटलं नव्हतं.

तरी पुन्हा बसलो. पिवळ्याचे थेंब वाढवले, काळ्याचा एक टाकला, नवी पट्टी मारली. दारावर उरलेल्या जुन्या रंगाच्या ठिपक्याशेजारी धरून पाहिली. दोन्ही सारखे आहेत, तसूभरही फरक नाही.

आता तुम्ही रागावू नका. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला काही दिवस सगळंच भगभगीत पांढरं दिसतं म्हणतात. तुमचा नवा डोळा खोटं सांगत असेल. शेजारच्या कोणाला दाखवून पाहा. आणि झाकण पाठवलं असतं तर हा वादच राहिला नसता. माझ्या दुकानात थिनरचं फडकं फिरत नाही, खिळ्याला टांगलेलं असतं.

पुंडलिक खोडे


सौंसर
४ नोव्हेंबर २०२४

पुंडलिकराव, जय भीम.

फडक्याबद्दल माझं चुकलं. पण रंगाबद्दल ऐकून घ्या.

तुमचं पत्र वाचून मी खरंच घाबरले होते. वाटलं, डोळाच बिघडवून घेतला की काय. शेजारच्या मोनालीला बोलावून झाकण आणि तुमची दुसरी पट्टी समोर ठेवली. ती म्हणाली, "काकू, हे तर साफ वेगळं दिसून राहिलं. हे मलईचं, अन् हे चुन्याचं." दळण न्यायला आलेल्या यमुनेला विचारलं, तीही तेच म्हणाली. मग मी निश्चिंत झाले आणि तुम्हाला चार खरमरीत ओळी लिहायला घेतल्या.

तेवढ्यात डोळ्यात औषध घालायची वेळ झाली. उजव्या डोळ्यात थेंब घातले आणि तो मिटून बसले. डावा उघडा होता. त्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्यातही मोतीबिंदू आहेच. समोर झाकण होतं, शेजारी तुमची पट्टी. आणि पुंडलिकराव, दोन्ही एक झाले. तुमचा रंग अगदी सायीसारखा दिसायला लागला. उजवा उघडला की दूध. डावा उघडला की साय. मी पाच-सहा वेळा करून पाहिलं. मोनालीला वाटलं, काकू कोणाला डोळा मारून राहिली.

मोतीबिंदूचा डोळा पिवळ्या काचेतून पाहतो, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याला पांढऱ्याची आपोआप साय दिसते. तुमची पट्टी माझ्या आजारी डोळ्याला बरोबर वाटते आणि बऱ्या डोळ्याला चूक. याचा मला एकच अर्थ लागतो. मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली आहे, सरळ विचारायची सवय आहे. तुम्ही डोळे कधी तपासले?

कॉम्प्युटरने तुमची गिऱ्हाइकं नेली नसावीत.

जयवंता


पांढुर्णा
१ डिसेंबर २०२४

जयवंता मॅडमना हिमानीचा नमस्कार.

मी पुंडलिक पेंटरची सून. तुम्ही मला ओळखत नाही. बाबांनी तुम्हाला पत्र लिहायचं नाही असं सांगितलं आहे, म्हणून त्यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र त्यांनी रंगाच्या डब्याखाली दडपून ठेवलं होतं. डबा उचलला आणि मी वाचलं. माफ करा.

महिना झाला, त्यांनी रंगाची गन हातात घेतली नाही. तुमची गाडी प्राइमर मारून तशीच उभी आहे. भिंतीवर त्यांनी सात पट्ट्या टांगल्या आहेत. दुकानात कोणी हवा भरायला आला तरी विचारतात, "सांग बरं, यातली सगळ्यात पांढरी कोणती?" लोक सांगतात आणि ते पट्टी पुन्हा पुसत बसतात. परवा किल्ली काढून यांच्या समोर ठेवली आणि म्हणाले, "घे. दे मोबाईलवाल्याले." यांनी घेतली नाही. हे इतके दिवस दुकान बंद करा म्हणत होते, पण किल्ली समोर आली तर यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडम, आणखी एक सांगू का? दोन वर्षांपासून बाबा माझ्यावर चिडतात. मी कपडे पिवळे धुते म्हणतात. रोज म्हणतात, "साबण नाही का घरात?" मी नीळ घालून थकले. दिवाळीला त्यांना नवा पांढरा कुर्ता आणला, तर म्हणाले, "मळका कायले आणला वं?" मी खूप रडले होते. तुमचं पत्र वाचलं आणि मला सगळं समजलं.

ते कोणाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील असं वाटते. तुम्ही त्यांना रागावून लिहिलं तरी चालेल.

हिमानी


सौंसर
५ डिसेंबर २०२४

पुंडलिकराव,

तुम्हाला रागावून लिहायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. चूक दाखवली की विद्यार्थी सुधारतो, असं मला नोकरीभर वाटत आलं. काही विद्यार्थी उठून वर्गाबाहेर जातात, हे मी विसरले.

या पत्राबरोबर झाकण पाठवते आहे. बसवाल्याच्या हातात दिलेलं नाही, चेतन स्वतः घेऊन येतो आहे आणि त्याला मी बजावलं आहे. झाकण तुमच्याकडेच राहू द्या. डोळा करून घ्या आणि मग त्याच्याशी रंग जुळवा. दुसऱ्या कोणाकडून मला रंग लावून घ्यायचा नाही, नागपूरच्या कॉम्प्युटरकडूनही नाही. तुम्हाला दोन महिने लागले तर गाडी दोन महिने उभी राहील. सव्वीस जानेवारीला मी बसने जाईन. त्या मुली मला बसमधून उतरतानाही ओळखतील.

माझ्या डाव्या डोळ्याची तारीख डिसेंबरातली होती. ती मी पुढे ढकलली आहे. तुमचं होईपर्यंत तुम्हाला जसं दिसतं तसं पाहणारा एक डोळा माझ्याकडेही असू दे.

आतलं लिहिलेलं वाचलं तरी चालेल.

जयवंता


पांढुर्णा
१९ डिसेंबर २०२४

बाई,

झाकण पोचलं. चेतनने ते पोटाशी धरून आणलं. वर्तमानपत्रात बांधून हिमानीच्या कपाटात ठेवलं आहे, दुकानात नेलंच नाही.

तुम्ही खरं विचारलं होतं, म्हणून खरं सांगतो. मला दोन वर्षांपासून माहीत होतं. नागपूरच्या डॉक्टरने बॅटरी मारून पाहिली आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी कागद फाडून गाडीच्या खिडकीतून फेकला आणि घरी सांगितलं, नंबर वाढला. माझे वडील बैलगाड्या रंगवायचे. माझ्या लहानपणी कुठल्याशा शिबिरात त्यांचा एक डोळा कापला आणि तो गेला. नंतर ते फक्त दरवाजांना डांबर लावायचे. त्यांची ती दशा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुमचं वेगळं आहे बाई, एका डोळ्यानेही शिकवता येतं.

आणि कॉम्प्युटरचं मीच लोकांना सांगत होतो. एका जीपचा दरवाजा मी पांढरा केला होता. मालक म्हणाला, दरवाजा वेगळा दिसतो. मी त्याच्याशी भांडलो. त्याने चार जणांना सांगितलं. तेव्हापासून काम कमी झालं, हे मला आतून समजत होतं.

काल हिमानीला म्हटलं, "झाकण आण." आतलं वाचलं. गाडी शिकणाऱ्याला कोणी दम देतो, कोणी हात झटकतो. तुमच्या यजमानांनी लिहून ठेवलं. मी पुष्कळ वेळ ते हातात धरून बसलो होतो. मग रोशनला म्हटलं, "चाल, तारीख घेऊन येऊ." सत्तावीस जानेवारीची मिळाली. उजवा डोळा आधी.

तुमचा सव्वीसचा दिवस माझ्यामुळे गेला. याचं मला फार वाईट वाटतं.

पुंडलिक


सौंसर
२२ डिसेंबर २०२४

पुंडलिकराव,

दिवस गेला नाही. गाडी थोडी उशिरा येते आहे, एवढंच. ऑपरेशनच्या वेळी मान हलवू नका, खोकला आला तर आधी सांगा, आणि डॉक्टरला रंगांबद्दल शिकवू नका.

जयवंता


पांढुर्णा
१९ फेब्रुवारी २०२५

बाईंना नमस्कार.

हे पत्र मी चष्म्याशिवाय लिहितो आहे, म्हणून अक्षर मोठं आहे.

डोळ्यावरचं बँडेज काढलं तेव्हा समोर हिमानी उभी होती. मी पहिलं तिच्या ओढणीकडे पाहिलं. मग माझ्या अंगातल्या कुर्त्याकडे पाहिलं. दिवाळीचा तोच कुर्ता तिने मुद्दाम घालून पाठवला होता. बाई, इतका पांढरा कपडा मी कधी पाहिला नव्हता. तिला म्हटलं, "पोरी, तू दोन वर्षं मह्या शिव्या खाल्ल्या, अन् कपडे तर धुतलेले होते वं." ती म्हणाली, "बाबा, डोळ्यात पाणी आणू नका, डॉक्टर रागावतीन." आणि स्वतःच रडायला लागली.

घरी आल्यावर दुकानात गेलो. भिंतीवर सातही पट्ट्या होत्या. मला त्या वेगवेगळ्या सायी वाटत होत्या. सगळ्या दुधासारख्या पांढऱ्या निघाल्या. तुम्ही पाणी घातलेलं म्हणाला होता, तेही बरोबर होतं. त्या मी काढून टाकल्या नाहीत, राहू दिल्या आहेत.

धुळीत काम करायची मनाई तीन आठवडे होती, ती पाळली. परवा सकाळी झाकण मागवलं आणि अंगणात निंबाच्या सावलीत बसून रंग घोटला. पहिल्यांदा पिवळा जास्त झाला. दुसऱ्यांदा लालसर गेला. तिसऱ्यांदा पट्टी वाळली आणि झाकणावर ठेवली, तर मला पट्टी शोधावी लागली. रोशनला हाक मारली. त्याने वाकून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं, मग म्हणाला, "बाबा, जोड दिसून नाही राहिला." पट्टी माझ्या हातात परत देत म्हणाला, "मोबाईलवाल्याले मी नाही म्हणून सांगतो."

ती पट्टी सोबत आहे. तुमच्याकडे जुळवायला झाकण नाही, हे मला माहीत आहे. पण या वेळी तुम्ही उजव्या डोळ्याने नुसती पाहा, तुम्हाला कळेल. हो म्हणालात की गन हातात घेतो. झाकण बाहेरून रंगवणार नाही, आहे तसंच बसवीन. त्याच्या शेजारी माझा रंग उघडा पडायला हवा.

जीपवाल्यालाही निरोप पाठवला आहे, दरवाजा पुन्हा करून देतो म्हणून. आणि बाई, आता माझं झालं. तुमच्या डाव्या डोळ्याचं काय?

आपला,
पुंडलिक


सौंसर
२३ मार्च २०२५

पुंडलिकराव, सप्रेम जय भीम.

काल तुमच्या दुकानासमोर मी नीट बोलले नाही. तुम्ही मनात म्हटलं असेल, बाईला रंग आवडला की नाही. म्हणून लिहिते आहे.

गाडी उन्हात उभी होती आणि मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. विजय पुढच्या दारातून उतरतील असं वाटलं. बोलले असते तर रडले असते, आणि तुमच्या सुनेसमोर व रस्त्यावरच्या लोकांसमोर मला रडायचं नव्हतं. आत बसल्यावर कप्प्याचं झाकण बंद करून पाहिलं. जुनं कुठे संपतं आणि तुमचं कुठे सुरू होतं, ते उजव्या डोळ्यालाही कळलं नाही. बत्तीस वर्षांत मी कोणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत. तुम्हाला देते.

चेतन म्हणत होता, "काकू, मी चालवतो." मी त्याला बाजूला बसवलं. लोधीखेड्याच्या चौघींना मी सव्वीस जानेवारीलाच सांगून ठेवलं होतं की गाडी येते आहे. पुढच्या रविवारी त्या सौंसरला येणार आहेत आणि मागच्या सीटवर बसणार आहेत. आता त्यांचे देह मोठे झाले आहेत, चौघी मावतील का ते पाहायचं. आणि डाव्या डोळ्याची तारीख घेतली आहे, आठ एप्रिल. तुम्ही काल सोबत यायचं म्हणाला होता, ते विसरू नका.

चेतनने मिस्त्रीकडून इंजिन नीट करून घेतलं होतं, त्यामुळे पांढुर्ण्यापासून गाडी छान चालली. मी पंधरा वर्षांनी चालवत होते, पण हात विसरले नव्हते. जामसांवलीच्या वळणावर मात्र फसले. शनिवार होता, मारुतीच्या दर्शनाला ही गर्दी. पायी चालणारे लोक, नारळाच्या गाड्या, मधेच थांबलेले ऑटो. मला ब्रेक मारावा लागला. पुन्हा निघताना गाडीने उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा चालू केली, पुन्हा उडी, पुन्हा बंद. मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. एका ऑटोवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "मावशी, ढकलू का?" चेतन म्हणाला, "काकू, उतर, मी घेतो."

मी वाकून कप्पा उघडला. झाकण खाली आलं. वाचलं. चेतननेही वाचलं आणि दाराच्या कडीवरचा हात काढला. मग मी गाडी चालू केली आणि क्लच हळू सोडला.

गाडी निघाली.

तुमची,
जयवंता